जुन्या बुलेटचं मागचं सस्पेन्शन: आधी चिमटा, मग स्प्रिंग, शॉकअप सगळ्यात शेवटी

जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट घेतली, इंजिन बांधून घेतलं, रंगकाम झालं, आणि तरी खड्ड्यात मागून धाडकन ठोका बसतो, घाटात वळणावर मागचं चाक आपल्याच मनानं चाललंय असं वाटतं. अशा वेळी बहुतेक जण काय करतात, तर दुकानात जाऊन सगळ्यात जाड स्प्रिंगचा शॉकअप मागतात, जमलं तर बाटलीवाला गॅसचा, आणि जुना काढून तो ठोकून देतात. पैसे जातात आणि गाडी आधीपेक्षा जास्त उडते. दोष शॉकअपचा नसतो, क्रम चुकलेला असतो, म्हणून इथं क्रमानं सांगतोय. उदाहरण बुलेट ३५०चं घेतलंय पण येझदी असो नाहीतर यामाहाची आरएक्स, मागं दोन शॉकअप आणि चिमटा (म्हणजे मागचं चाक धरून वरखाली होणारा स्विंगआर्म) असलेल्या कुठल्याही गाडीला हेच लागू पडतं.

आधी एक गोष्ट सांगतो कारण ती मला महत्त्वाची वाटते. बुलेटचं मागचं सस्पेन्शन हीच मुळात बुलेटची ओळख होती. १९४८ च्या आसपास बहुतेक गाड्यांचं मागचं चाक सरळ फ्रेमला आवळलेलं असायचं आणि धक्के काय ते सीटखालच्या स्प्रिंगांनी सोसायचे, नाहीतर फार तर प्लंजर, म्हणजे एक्सलच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्प्रिंगांची जुनी पद्धत असायची. त्या काळात रॉयल एनफिल्डनं बुलेटच्या प्रोटोटाइपला चिमटा आणि तेलाचे शॉकअप लावले, आणि १९४८ लाच इटलीत सान रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये त्या गाड्यांवरच्या दोन रायडरांना गोल्ड मेडल मिळालं. पुढं १९५५ ला मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि मागची हीच मांडणी आपल्याकडं दशकानुदशकं चालली. म्हणजे मांडणीत खोट नाही. त्यामुळं चिमटा कापून मधोमध मोनोशॉक (दोनाऐवजी एकच शॉकअप) बसवायच्या फंदात पडू नका असं मी अगदी कळकळीनं सांगेन. त्या फ्रेमला मागचा भार वरच्या दोन बोल्टांवर घ्यायची सवय आहे, मोनोशॉक लावला की तोच भार सीटखालच्या अशा एका जागी येतो जिथं तो सोसायला काहीच नाही, आणि सगळा जीव वेल्डिंगच्या एका टाक्यावर. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, फ्रेमची कापाकापी त्यात सरळ अडकते, आणि जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला आरटीओत गेलात की गाडी समोर उभी करावी लागते.

आता कामाला लागू.

पहिल्यांदा टायरमधली हवा बघा. पंपवाला विचारत नाही, चाळीस भरून मोकळा होतो. जुन्या बुलेटच्या ३.२५-१९ च्या मागच्या टायरला एकट्यासाठी २८ आणि डबल सीट ३० च्या आसपास पुरतं. निम्मे ठोके इथंच कमी होतात, फुकटात.

मग चिमट्याचा बुश, म्हणजे चिमटा ज्या पिनवर फ्रेममध्ये फिरतो त्या पिनभोवतीची नळी. सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा कारण बुश गेलेला असेल तर पुढचं सगळं वाया आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागं बसा, चाक दोन्ही बाजूंनी घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरा आणि आडवं हलवा. झोल लागला तर लगेच बुश गेला म्हणू नका, व्हील बेअरिंगचा पण असू शकतो. मित्राला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही एक बोट चिमटा आणि फ्रेमच्या सांध्यावर असं ठेवा की अर्धं बोट चिमट्यावर आणि अर्धं फ्रेमवर येईल. बोटाखाली सरकल्यासारखं लागलं तर बुश, तिथं शांत आणि फक्त चाक डुगडुगतंय तर बेअरिंग. डोळ्यांना दिसत नाही इतका झोल बोटाला लगेच कळतो.

त्यानंतर चाक काढा, दोन्ही शॉकअप काढा आणि चिमटा मोकळा सोडून वरखाली करून बघा. चांगल्या बुशचा चिमटा हातानं उचलून सोडला की सावकाश खाली येतो, धपकन पडत नाही आणि मध्येच अडकतही नाही. वरखाली करताना करकर लागली किंवा एका जागी जड आणि पुढं हलका लागला तर आत पिन खाल्लेली आहे. पिन काढा, पुसा, नख फिरवा. नख ज्या जागी अडकतं तिथं पायरी पडलीय, अशी पिन परत घालू नका, तिच्यावर नवा बुश महिनाभरही टिकत नाही.

आत कुठला बुश निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, कारण एवढ्या वर्षांत किती हात फिरलेत गाडीवरून. कुणी नायलॉनचा घातलेला असतो, कुणी काशाचा, कुणी चक्क पाइपाचा तुकडा. मी काशाचा, म्हणजे फॉस्फर ब्राँझचा बसवून घ्या म्हणेन. लेथवाल्याकडं जाताना पिन आणि चिमटा दोन्ही घेऊन जा, नुसतं माप लिहून नेऊ नका. त्याला सांगा की दोन्ही बुश दाबून बसवल्यावर एकाच रेषेत रीम करायचे आणि पिनवर दोनेक थाऊचा क्लिअरन्स ठेवायचा, म्हणजे पाच शतांश मिमीच्या आसपास. बुश दाबला की आतला व्यास थोडा आवळतो, म्हणून आधीच पिनच्या मापाला बोअर करून ठेवलेला बुश बसवल्यावर घट्ट होतो आणि मग लोक पिन हातोडीनं ठोकून घालतात. असा ठोकलेला चिमटा हलतच नाही आणि दोष जातो शॉकअपवर! काशाच्या बुशला ग्रीस लागतं, ग्रीस निपल असेल तर ते साफ आहे का बघा, गनमधून ग्रीस मारल्यावर दोन्ही टोकांनी बाहेर आलं पाहिजे. एकाच बाजूनं आलं तर दुसरी बाजू कोरडी चाललीय.

चिमटा बाहेर आलाच आहे तर एक्सलच्या खाचा, ब्रेक प्लेट अडकते ती जागा आणि शॉकअपचे खालचे कान नीट पुसून बघा. कानाच्या मुळाशी केसासारखी चीर असते कधी कधी, वर रंग असला तर दिसत नाही, गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली की तिथं रंग खरवडा.

इतकं झालं की जुनेच शॉकअप परत लावून गाडी चालवून बघा. बऱ्याच गाड्या इथंच सुधारतात आणि पुढचा खर्च वाचतो. जुने परत लावायचं अजून एक कारण म्हणजे पुढची मापं त्यांच्यावरच घ्यायचीयेत.

मापं म्हणजे सॅग, वजनानं गाडी मागून किती खाली बसते ते. मागच्या एक्सलच्या बरोबर वर मडगार्डवर कागदी टेप लावा आणि एक बारीक रेघ मारा, दरवेळी एक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंत मोजायचं. पहिलं माप गाडी डबल स्टँडवर, चाक पूर्ण लटकलेलं. दुसरं गाडी जमिनीवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं तुम्ही नेहमीच्या कपड्यात, नेहमीच्या जागी, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेले, एक जण पुढून हँडल धरेल आणि दुसरा टेप धरेल. जमिनीवरची मापं घ्यायच्या आधी गाडी दोनतीनदा दाबून सोडा नाहीतर बुशच्या घर्षणानं माप खोटं येतं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुम्ही बसल्यावर मागचं चाक किती वर आलं ते कळतं, आणि ते एकूण हालचालीच्या पाव ते तीस टक्क्यांत पाहिजे. मागच्या चाकाची हालचाल ८० मिमी धरली तर २० ते २४ मिमी. पहिल्यातून दुसरं वजा केलं तर नुसत्या गाडीचा सॅग, तो पाच ते दहा मिमी तरी पाहिजेच.

या दोन आकड्यांवरून स्प्रिंगचं सगळं कळतं. तुम्ही बसल्यावरचा सॅग बरोबर आणलाय पण त्यासाठी शॉकअपची खाचांची रिंग इतकी फिरवावी लागली की रिकाम्या गाडीला सॅगच उरला नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट तुमचा सॅग बरोबर पण रिकामी गाडीच बरीच बसलेली, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. आणि एक गैरसमज फार आहे तो इथंच काढतो. रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच, तिचा जोर तोच, फक्त ती कुठून दबायला सुरू होते ते बदलतं आणि गाडी मागून थोडी वर येते. म्हणून शेवटच्या खाचेवर नेऊन पण खड्ड्यात तळाला लागत असेल तर रिंगला काही उपाय नाही, स्प्रिंगच बदलायला हवी.

स्प्रिंग किती कडक घ्यायची यात लोक हमखास फसतात कारण फरक डोळ्यांना दिसत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ७ मिमी तारेची स्प्रिंग काढून त्याच घेराची, तेवढ्याच वेढ्यांची ७.५ मिमीची घातली तर ती जवळजवळ ३२ टक्के कडक होते, आणि ८ मिमीची घातली तर ७० टक्के. फक्त एक मिमी! म्हणून दुकानदार 'हेवी ड्यूटी' म्हणाला की खिशातून व्हर्नियर काढा आणि तार मोजा, सोबत जुनी स्प्रिंग न्या आणि वेढे मोजा. वेढे कमी असले तरी स्प्रिंग कडक होते, घेर मोठा असला तर मऊ होते. एकट्यानं चालवणाऱ्याला साधारण ओरिजिनलच्या आसपासची, आणि नेहमी डबल सीट आणि मागं बॅगा अशी चालवत असाल तर दहा-वीस टक्के कडक, यापुढं जायची गरज मला तरी कधी दिसलेली नाही.

आणि कडक स्प्रिंगबरोबर दुसरी जबाबदारी येते ती डॅम्पिंगची. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला धरून ठेवायचं काम आतल्या तेलाचं. जुन्या शॉकअपमधलं तेल आणि वॉल्व्ह जुन्या स्प्रिंगला धरायलाच पुरत नसतात, त्यात तुम्ही वरून ३० टक्के कडक स्प्रिंग चढवलीत तर स्पीडब्रेकरवरून गाडी घोड्यासारखी मागून उधळते आणि मागं बसलेला माणूस सीटवरून वर जातो. तपासायला सोपं आहे, गाडी जमिनीवर ठेवून सीट मागून जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. वर, खाली, परत वर असं झालं तर डॅम्पिंग गेलंय. वर यायलाच फार वेळ लावत असेल तर ते पण वाईट, खराब रस्त्यावर एकामागून एक खड्डे आले की शॉकअप परत उघडायच्या आत पुढचा धक्का येतो आणि तो बसत बसत तळाला जातो. जाड इंजिन ऑइल भरलेल्या शॉकअपचं असंच होतं.

जुना उघडता येणारा तेलाचा शॉकअप असेल आणि रॉड चकचकीत असेल तर तो दुरुस्त करण्यात अर्थ आहे. रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील आठवड्याभरात फाटतं, मग तो सोडून द्या. स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, दोघांनी दाबायची आणि तिसऱ्यानं स्क्रूड्रायव्हरनं वरचं लॉक काढायचं हा प्रकार करू नका, ती स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते. उघडल्यावर आतून काळा चुरा पडला तर तो बंप रबराचा आहे, वर्षानुवर्षं आपटून पीठ झालेला. हे रबर म्हणजे चाक पूर्ण वर आल्यावरची शेवटची गादी, ते नसलं की लोखंड लोखंडावर आपटतं आणि तुम्हाला जो धाडकन आवाज येतो तो हाच. नवीन घाला, किरकोळ पैशात मिळतं. तेल फोर्क ऑइलच भरा, दोन्हीत मोजून सारखं, आणि काठोकाठ भरू नका, आत हवेला जागा लागते नाहीतर पूर्ण दबताना सील उडतं. गॅसचा शॉकअप मात्र कधीच उघडायचा नाही, भोक पाडायचं नाही, त्याच्याजवळ वेल्डिंग करायचं नाही, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

नवीनच घ्यायचं ठरलं तर पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेतून मागवून भरपूर पर्याय मिळतात, फक्त दुकानात जाताना चार मापं लिहून न्या. वरच्या डोळ्याच्या (शॉकअपच्या टोकाला बोल्ट जातो त्या कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, दोन्ही डोळ्यांच्या बुशचा आतला व्यास, बुशची रुंदी, आणि स्प्रिंगचा बाहेरचा घेर. लांबी ओरिजिनल इतकीच ठेवा. पाच-दहा मिमी जास्त चालून जाईल, पण 'मागून उचललेली दिसते' म्हणून वीस-तीस मिमी लांब लावू नका. बुलेटचा व्हीलबेस १३७० मिमी आहे, मागून २० मिमी लांब शॉकअप लावला की पुढचा फोर्क जवळपास एका अंशानं उभा होतो, ट्रेल (पुढचं चाक सरळ धरून ठेवणारं अंतर) कमी होतो आणि जी गाडी हात सोडले तरी सरळ जाते ती हायवेवर हँडल धरून बसायला लावते. शिवाय डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकतं, साइड स्टँडवर गाडी फार कलते, आणि पूर्ण लटकल्यावर चेन चिमट्याला घासायला लागते.

शॉकअपच्या बुशचा व्यास मोठा निघाला तर पत्रा गुंडाळून बसवू नका, लेथवर स्टीलची स्लीव्ह करून घ्या. साधा तेलाचा शॉकअप असेल तर जाड भाग खाली आणि रॉड वर असाच लावायचा, उलटा लावला तर आतली हवा वॉल्व्हशी येते आणि डॅम्पिंगच जातं. आतून हवा-तेल वेगळं ठेवणारा पिस्टन असलेला शॉकअप मात्र कसाही चालतो.

आता जी तपासणी जवळपास कुणीच करत नाही ती. दोन्ही नव्या शॉकअपच्या स्प्रिंगा काढा आणि नुसते शॉकअप गाडीला लावा. चाकाखाली जॅक लावून चाक हळूहळू वर उचला, बंप रबर दबेपर्यंत. स्प्रिंग नसल्यामुळं हातानंच सगळी हालचाल दिसते. टायर मडगार्डच्या आतल्या बोल्टांना लागतोय का, टेललाइटची वायर मडगार्डखालून गेलीय ती टायरच्या वाटेत आहे का (ही वायर कापली जाऊन रात्री लाइट जाणं फार कॉमन आहे), डावीकडं चेन कव्हर आणि शॉकअपमध्ये जागा उरतेय का, उजवीकडं सायलेन्सरचा ब्रॅकेट, आणि ब्रेकचा रॉड. ब्रेक रॉडकडं नीट बघा, चाक वर जाताना तो ताणला गेला तर डबल सीट खड्ड्यात ब्रेक आपोआप लागणार. मग स्प्रिंगा हातात धरून त्यांच्या घेराला पण जागा पुरतेय का बघा, एका बोटाइतकी तरी हवी.

याच वेळी चेन पण सेट करून घ्या. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. स्प्रिंगा काढलेल्याच आहेत तर चाक त्या जागी आणा आणि तिथं चेनला थोडी ढील राहील असं ॲडजस्ट करा. बुलेटला गोगलगायीसारख्या आकाराचे ॲडजस्टर आहेत, दोन्हीकडं खाच सारखी मोजा, पण जुन्या ॲडजस्टरच्या खाचा झिजलेल्या असतात म्हणून पिनच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं पण मोजा.

शेवटची जोडणी करताना एक बाजू पूर्ण लावून मग दुसरी लावा, चिमटा जागेवर राहतो आणि बोल्ट बसवायला सोपं जातं. शॉकअपच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना पूर्ण आवळू नका, नुसते लावून घ्या, गाडी खाली उतरवा, सीटवर बसून दोनतीनदा दाबा आणि मग आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दोन्हीकडची रिंग एकाच खाचेवर ठेवा. एक बाजू दुसऱ्यावर आणि एक चौथ्यावर अशा गाड्या मी बऱ्याच बघितल्यात, चिमट्याला पीळ बसतो आणि नवा बुश एका बाजूनं खातो.

मग सॅग परत मोजा, तसाच, तीन मापांत. शॉकअपचा रॉड हाताला लागत असेल तर त्याला बारीक केबल टाय बांधून खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या खराब रस्त्यावर एक चक्कर मारा, ताम्हिणी असो वा घरामागची गल्ली. टाय जिथपर्यंत सरकला तिथपर्यंत शॉकअप गेला. सगळ्यात मोठ्या खड्ड्यात तो बंप रबरापर्यंत जेमतेम पोचला तर स्प्रिंग बरोबर. अर्ध्यावरच थांबला तर स्प्रिंग कडक आहे, कितीही महाग असली तरी. दर खड्ड्यात रबराला लागत असेल तर एक खाच वाढवा, तरी लागलं तर वर सांगितल्याप्रमाणं सॅगचे दोन आकडे परत बघा.

डबल सीट जाताना दोन खाचा वाढवायच्या, परत आल्यावर कमी करायच्या, त्यासाठीचा हुक पाना टूलबॉक्समध्येच ठेवा. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चारही बोल्ट, चिमट्याच्या पिनचं नट आणि चेन परत तपासा कारण नवीन बुश थोडा बसतो. पावसाळा संपला की चिमट्याला ग्रीस मारा, जुनं ग्रीस पाणी मिसळून पांढरट झालेलं बाहेर येईल, ते स्वच्छ पिवळं किंवा काळं येईपर्यंत मारत राहायचं.